टायफॉइड झाला तेव्हा घरी कोण होतं?

ताई,
आमचे बास्केटबॉलचे सर गेले. नव्वदच्या दशकात यवतमाळच्या आमच्या शाळेत मुरुमाच्या मैदानावर ते स्वतः फक्कीने कोर्ट आखायचे. सकाळी सहाला सराव, शाळा सुटल्यावर पुन्हा. ज्यांच्याकडे बूट नसत त्यांना पगारातून आणून द्यायचे. मुलीला टायफॉइड झाला होता, तरी विभागीय स्पर्धेला आमच्यासोबत अमरावतीला आले, एवढी निष्ठा! आम्ही माजी खेळाडू श्रद्धांजली सभा घेतोय. काकू आधीच गेल्या, म्हणून शाल आणि मानपत्र मुलीच्या हाती द्यायचं ठरलंय. पण ती यायला तयार नाही. “तुमचे सर होते, तुम्हीच करा,” एवढंच म्हणाली. अशा देवमाणसाची मुलगी इतकी कोरडी कशी? तिला कसं समजवावं?
– एक माजी खेळाडू, पुणे

दादा,
तुमचं मूळ पत्र चार पानी आहे, वर त्यातलं थोडंच छापलंय. त्यात सरांनी घोटून घेतलेला लेअप आहे, पिव्होट आहे, फ्री थ्रोआधी बॉल आपटून श्वास सोडायची सवय आहे. टायफॉइडच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आलं, आणि तेही सरांच्या कौतुकापुरतं. मी त्याच वाक्याशी अडकले.

टायफॉइडचा ताप एका रात्रीत उतरत नाही. तुम्ही अमरावतीला मॅच खेळत होतात तेव्हा काकू एकट्या कपाळावर पट्ट्या ठेवत असणार, पेज भरवत असणार. पोरीनं “बाबा कुठंयत?” असं विचारलं असेल आणि “पोरांची मॅच आहे” असं उत्तर ऐकलं असेल. ती पोरं म्हणजे तुम्ही. “तुमचे सर होते” यात तुम्हाला कोरडेपणा दिसला. मला तर तिनं जे होतं तेच सांगितलेलं दिसतं.

सर मोठे होते, यात मला तिळमात्र शंका नाही. नाइस्मिथ यांनी 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला हा खेळ काढला तो हिवाळ्यात, बंद सभागृहात खेळण्यासाठी. जिथे बॉलचा टप्पा धड सरळ पडत नाही अशा मुरुमावर, यवतमाळच्या उन्हात तो शिकवणं येरागबाळ्याचं काम नाही. सर अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले, असंही तुम्ही लिहिलंय. 1914 पासूनच्या त्या संस्थेतून बाहेर पडलेल्या अशा वेड्या मास्तरांनीच विदर्भातल्या कितीतरी पोरांना मैदानावर आणलं. पण दादा, बूट पगारातून आले म्हणजे घरातून आले. सकाळी सहाचा सराव म्हणजे कुणीतरी पाचला उठून चहा टाकला. ते घर तुमच्या चार पानांत कुठेच नाही.

मॅचच्या स्कोअरशीटवर बास्केट लिहिली जाते, फाउल लिहिला जातो, टाइमआउटसुद्धा लिहिला जातो. बास्केटच्या आधीचा पास कुणी दिला, त्याला तिथे रकाना नाही. काकूंचं आणि त्या मुलीचं तसंच झालं. खेळाडू असून तुम्हाला हे सांगावं लागतंय याचा मला राग येतोय, खरंच.

मानपत्राचा मसुदाही तुम्ही पाठवलात. त्यात एक ओळ आहे, “संसाराची पर्वा न करता”. म्हणजे तिनं स्टेजवर उभं राहायचं, आपली पर्वा केली गेली नाही हे माइकवरून ऐकायचं, आणि वर हसून शाल घ्यायची? मी तिच्या जागी असते तर मीही आले नसते. आणि तुमच्याशी इतकं सभ्यपणे तर बोललेच नसते.

तेव्हा तिला समजावणं सोडा. तुम्हीच तिच्या घरी जा. शाल नको, निमंत्रणपत्रिका नको, सभेचा विषयही काढू नका. सरळ म्हणा, “तुला टायफॉइड झाला होता तेव्हा सर आमच्याबरोबर होते. त्या दिवसांत तुमच्या घरी काय चाललं होतं ते मला सांगशील?” मग गप्प बसा. ती बोलली तर मधे “पण सर मनाने फार…” असं सुरू करू नका. रागावली तर ऐकून घ्या, तो राग तुमच्याच नावाचा आहे. दारातून परत पाठवलं तर परत या, आणि तिच्या कोरडेपणाची गोष्ट ग्रुपवर टाकू नका.

कदाचित ती तुम्हाला असे सर सांगेल जे तुम्हाला कधी दिसलेच नाहीत. भाषणात त्यातलं काही घ्यायचं असेल तर तिला विचारून घ्या. ती नको म्हणाली तर नको.

सभा पंधरा दिवसांवर आहे म्हणता. येत्या शनिवारीच जा. जाण्याआधी मानपत्र छापणाऱ्याला फोन करून ती ओळ काढायला लावा. आणि एकटे जा. अख्खी टीम घेऊन तिच्या दारात उभे राहू नका, लहानपणी तिनं ती पुष्कळ पाहिलीय.