गिटारचा पिकअप बदलण्याआधी हे करून बघ

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज आवडत नाही म्हणून नवीन पिकअप (तारांखाली बसणारा, त्यांची थरथर पकडणारा चुंबक-कॉइलचा भाग) मागवायची घाई करू नकोस. आधी तारा नव्या टाक, मग आहेत त्याच पिकअपची उंची बदलून बघ. शेवटच्या फ्रेटवर (गळ्यावरची, पिकअपच्या सगळ्यात जवळची धातूची पट्टी) तार दाबून धर, तार ते पिकअप अंतर मोज. साधारण 2 मिमीपासून सुरुवात कर आणि स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवत कानानं ठरव. सिंगल कॉइल (एकाच कॉइलचा पिकअप) फार वर घेतलास तर चुंबक तारांना ओढतात आणि जाड तारा पिकअपकडच्या फ्रेट्सवर बेसूर, थरथरत्या वाजतात. कित्येकांची ‘पिकअप बेकार आहे’ ही तक्रार इथंच मिटते.

तरी बदलायचाच असेल तर नेमकं काय खटकतंय ते ठरव. गुणगुण नको असेल तर हमबकर (दोन कॉइलचा, गुणगुण दाबणारा पिकअप), पण सिंगल कॉइलच्या खाचेत बसणारा घे. पॉटही (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा, रोध कमीजास्त करणारा भाग) बघ: सिंगल कॉइलला बहुधा 250के (किलोओहम), हमबकरला 500के. 250केवर हमबकर लावलास तर आवाज दबका येईल आणि खापर पिकअपवर फुटेल. जास्त आउटपुट म्हणजे चांगला टोन, हे तर डोक्यातून काढूनच टाक.

जुन्या वायरिंगचा फोटो काढल्याशिवाय सोल्डरिंग आयर्न तापवू नकोस. वायरचे रंग कंपनीगणिक बदलतात. तारा चढवण्याआधी अँप लावून पिकअपवर स्क्रूड्रायव्हरनं हलकेच टकटक कर, अँपमधून ती ऐकू आली तर जोडणी लागली. दोन पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा वाटला तर फेज उलटी आहे, म्हणजे एकाचा सिग्नल दुसऱ्याचा खोडतोय. एकाच्या दोन वायरींची अदलाबदल कर. मात्र धातूचं कव्हर ग्राउंडला जोडलेलं असेल तर आधी ती जोडणी वेगळी करावी लागते.