बैठक : शिबिरातलं ध्यान घरी का टिकत नाही?

गेल्या अंकात मी वाचकांना एकच विचारलं होतं: ध्यानाला बसावंसं मुळीच वाटत नाही, त्या दिवशी तुम्ही काय करता? पेडण्यापासून काणकोणापर्यंतची पत्रं आली. काहींनी उत्तरं दिली, काहींनी उत्तराऐवजी आपलाच प्रश्न पाठवला. आधी प्रश्न घेते.

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. मार्चमध्ये दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊन आले. घरच्यांनी कसंबसं सोडलं. तिथे पहाटे चारच्या घंटेला उठत होते, मौन पाळत होते, दिवसभर बसत होते. घरी आल्यावर सकाळी तास, संध्याकाळी तास असं ठरवलं. तीन आठवडे जमलं. मग सकाळचं सुटलं, पाठोपाठ संध्याकाळचंही. आमचं एकत्र कुटुंब. पहाटे मुलांचे डबे, दारात पोदेराचा (पाववाल्याचा) पोंपों, सासूबाईंचा रेडिओ, संध्याकाळी मालिका. दार ओढून घेतलं की सगळे विचारतात, ‘कितें जालें?’ मी या मार्गाला लायकच नाही का?
— एक गृहिणी, डिचोली

उत्तर : बाय, लायकीचं आधी सोड. शिबिरात तू बसत होतीस, त्यात तुझ्या एकटीची जिद्द किती होती ते बघ. स्वयंपाक दुसरं कुणी करत होतं. घंटा दुसरं कुणी वाजवत होतं. फोन पहिल्याच दिवशी जमा झालेला. आणि पाठ कितीही दुखली तरी शेजारच्या आसनावरची बाई हलत नाही म्हणून तूही हलत नव्हतीस. तो सगळा आधार घरी येणाऱ्या बसमध्ये संपला, आणि तेवढंच अंतर तू एकटीने चालायला निघालीस. तीन आठवडे जमलं, हेच मला जास्त वाटतं.

माझ्यासारख्या रात्रपाळी केलेल्या कुठल्याही नर्सला विचार. वॉर्डात एकटी असली की पहाटे तीनला मान पडते. दोघी असल्या की दोघीही जाग्या राहतात. दुसरी काही विशेष करत नाही, नुसती असते.

पाली बौद्ध ग्रंथांत बुद्धांचा शिष्य आनंद याची एक गोष्ट आहे. तो बुद्धांकडे येऊन म्हणतो, भन्ते, चांगली सोबत म्हणजे या मार्गाचा अर्धा भागच म्हणायचा. बुद्ध म्हणतात, असं म्हणू नकोस आनंदा. अर्धा नव्हे, सगळाच. कल्याणमित्र, म्हणजे चांगला सोबती, मिळाला की पुढचं तो करतोच. ही गोष्ट माहीत असलेली माणसंसुद्धा घरी येऊन एकटीच बसतात आणि सुटलं की स्वतःला दोष देतात, याची मला गंमत वाटते.

आपल्या गोव्याचंच उदाहरण घे. बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी साखवाळचे, जन्म १८७६ चा. नारळाच्या बागायतीचं बघता बघता ‘बालबोधमेवा’ या मराठी मासिकात बुद्धाविषयी वाचलं आणि ओढ लागली. गावात या विषयावर बोलायला माणूस नाही, पुस्तकं नाहीत, खिशात पैसे नाहीत. १८९९ मध्ये घर सोडलं. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असं करत १९०२ मध्ये सिलोनला पोचले, पुढे ब्रह्मदेशात. लोक याला ज्ञानाची तहान म्हणतात. मला त्यात सोबतीची तहानही दिसते. (मागे बायकोला आणि लहान लेकीला ठेवून गेले, हेही खरं. तुला तसं जाता यायचं नाही, आणि कुणी जा म्हणतही नाही.)

तर तुझ्यापुरतं बोलू. सासूबाई जप करतात का? रेडिओवर अभंग लागतात त्या वेळी माळ हातात असतेच बहुतेक. रेडिओशी भांडू नकोस. त्या माळ घेऊन बसल्या की त्यांच्याच शेजारी पाट टाकून बस. त्यांचं नाम, तुझा श्वास. बंद दाराआडच्या सुनेला सगळे ‘कितें जालें’ विचारतात. देवघरापाशी सासूच्या शेजारी बसलेल्या सुनेला कुणी काही विचारत नाही.

शिबिरात भेटलेल्या एखाद्या बाईचा नंबर असेल तर तिच्याशी ठराव कर. रोज रात्री एकच शब्द पाठवायचा: ‘बसले’ किंवा ‘नाही’. ‘नाही’ आलं तर का म्हणून विचारायचं नाही, उपदेश तर मुळीच करायचा नाही. पुष्कळ जोड्या उपदेशापायीच मोडतात.

वेळेचं सांगायचं तर, विपश्यना शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींच्या परंपरेत सकाळ-संध्याकाळ एकेक तास सांगतात, आठवड्यातून एकदा सामूहिक साधना आणि वर्षातून एकदा शिबिर. ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. पण पाच माणसांच्या डब्यांमधून वीस मिनिटं निघत असतील तर वीस मिनिटं बस. तास नाही म्हणून शून्य, हा हिशेब घरसंसारात कुठेच चालत नाही. आणि आठवड्याची ती सामूहिक साधना तेवढी सोडू नकोस. हीच परंपरा भारतात आली ती १९६९ मध्ये. मुंबईत पहिलं शिबिर लागलं, तेव्हा गुरुजींचे आईवडील धरून मूठभरच माणसं होती. डिचोलीत चौघी मिळाल्या तरी पुष्कळ.

प्रश्न : आमच्या योगवर्गात ध्यान झालं की प्रत्येक जण अनुभव सांगतो. एकाला भुवयांमध्ये निळा प्रकाश दिसतो. एका ताईंना आपण वर उचललो गेल्यासारखं वाटतं. मला फक्त माझा डावा गुडघा जाणवतो. काय चुकतंय?
— निवृत्त बँक कर्मचारी, फोंडा

उत्तर : तुमचं काही चुकत नाही. वर्गाचा रिवाज चुकतोय. आमच्या रविवारच्या बैठकीत चहा घेताना अनुभव सांगायला बंदी आहे. एकाने निळा प्रकाश सांगितला की पुढच्या रविवारी निम्मी माणसं डोळे मिटून निळ्याची वाट बघत बसतात, आणि ज्यांना दिसत नाही ती तुमच्यासारखी खट्टू होतात. ज्याला खरंच काही विचारायचं असेल त्याने शिक्षकाला एकट्याला गाठून विचारावं. चहावर बोलायचं ते एवढंच: कधी बसलात, काय आड आलं, मग काय केलंत. यातलं पुष्कळ दुसऱ्याच्या कामी येतं. निळा प्रकाश कुणाच्याच कामी येत नाही.

आता गुडघा. खुर्चीवर बसा बाब, कमीपणा काही नाही, शिबिरांतही खुर्च्या देतात. पाऊल जमिनीला पूर्ण टेकू दे, पाठ टेकवायची गरज नसेल तर टेकवू नका. मांडी घातल्यावर पायाला मुंग्या येतात त्या बहुधा नस दाबली गेल्यामुळे, आणि उठल्यावर चार-पाच मिनिटांत जातात. बधिरपणा तासन्‌तास राहिला किंवा पाऊल उचलायला जड जाऊ लागलं तर ते साधनेचं लक्षण समजू नका, डॉक्टरला दाखवा. गुडघ्यातून आत्मा जागा होतो असं मी नोकरीभर कुठे पाहिलं नाही.

प्रश्न : मी फेरीबोटीवर आहे, पाळ्या बदलत्या. बसलो की पाच मिनिटांत झोप. उपाय सांगा.
— दिवाडी

उत्तर : पहिला उपाय झोपण्याचा. बदलत्या पाळीत काम करणाऱ्याला झोप अपुरी पडते आणि मन शांत झालं की शरीर आपली उधारी वसूल करतं. घरची मंडळी ‘फार घोरता’ म्हणत असतील, मध्येच श्वास अडकल्यासारखा होत असेल, पुरेसं झोपूनही दिवसा पेंग येत असेल, तर आधी तपासून घ्या.

तसं काही नसेल तर तुमच्यासारखाच एक जण ग्रंथात आहे, आणि तो साधासुधा नव्हे: बुद्धांचा प्रमुख शिष्य महामोग्गल्लान. ध्यानात पेंगत होता. बुद्धांनी त्याला एकामागून एक उपाय सांगितले. ज्या विचाराशी पेंग येते तो धरू नकोस. ऐकलेला उपदेश आठव. मोठ्याने म्हण. कान ओढ, हातपाय चोळ. ऊठ, डोळ्यांना पाणी लाव, चहूकडे बघ, वर नक्षत्रांकडे बघ. उजेडाचं ध्यान कर. येरझाऱ्या घाल. आणि एवढं करूनही गेली नाही, तर उजव्या कुशीवर नीज, पण उठायची वेळ मनाशी ठरवून. आषाढात दिवाडीवरून नक्षत्रं दिसायची नाहीत, तेवढं वगळा. येरझाऱ्या मात्र तुम्हाला सोप्या आहेत, धक्क्यावर फेरी सुटायची वाट बघताना पावलांवर लक्ष ठेवून चाला. कामावर असताना डोळे मिटून बसू नका, हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : मी तेवीस वर्षांचा. मोबाईलवरच्या अॅपवरून ध्यान शिकलो. बरं वाटलं म्हणून वेळ वाढवत रोज दोन-तीन तासांवर नेला आणि ध्यान चालू आहे म्हणून चिंतेच्या गोळ्या स्वतःच बंद केल्या. गेले काही दिवस बसलो की छाती धडधडते, रात्री झोप नाही, आरशातला मीच मला परका वाटतो. ग्रुपमधले म्हणतात, जुने विकार बाहेर पडताहेत, सोडू नकोस.
— पर्वरी

उत्तर : आजपासून बसणं बंद कर. ग्रुपमधल्यांचं ऐकू नकोस. ती माणसं वाईट नाहीत, पण जे स्वतः पाहिलेलं नाही त्याबद्दल धीर देताहेत, आणि असला धीर महागात पडतो.

गोळ्या अचानक बंद केल्यानेही धडधड आणि निद्रानाश होऊ शकतो. ज्या डॉक्टरांनी दिल्या त्यांना आज फोन कर आणि काय काय केलंस ते सगळं सांग, ध्यानाचं लपवू नकोस. परत कशा सुरू करायच्या ते त्यांनाच ठरवू दे. ते भेटत नसतील तर बांबोळीची मनोविकार संस्था आहे. रात्री-अपरात्री घाबरलास तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत. जीव नकोसा वाटला तर वाट न बघता घरातल्या कुणाला तरी उठव आणि थेट इस्पितळ गाठ.

तोवर डोळे उघडे ठेव. वेळेवर जेव. अनवाणी अंगणात चाल, भांडी घास, आईशी बोल. शिबिरांच्या अर्जात मानसिक आजार आणि औषधांबद्दल विचारतात ते उगाच नव्हे. सगळ्यांना सगळ्या वेळी लांब ध्यान मानवत नाही. पुढे कधी बसावंसं वाटलं तर डॉक्टरांना विचारून, दहा मिनिटं, आणि समोर हाडामांसाचा शिक्षक असताना. मला पुढच्या महिन्यात चार ओळी लिही. तू कसा आहेस एवढंच, ध्यानाचं नको.

आता तुमची उत्तरं. नको वाटणाऱ्या दिवशी काय करता?

माशेलच्या एक शिक्षिका फक्त पाच मिनिटांचा गजर लावतात. वाजला की उठायची मुभा. बहुतेक वेळा उठत नाहीत, पण मुभा खरी असावी लागते, म्हणतात, नाहीतर मन ओळखतं. मडगावचे एक दुकानदार सकाळी शटर अर्धं वर करून आत स्टुलावर बसतात. घरी जमत नाही, गिऱ्हाईक यायच्या आत जमतं. शिरोड्याच्या भजनी मंडळातल्या एकाने लिहिलंय की पखवाजाला कणीक लावून सूर जुळवेपर्यंत बाकीचे पूर्वी गप्पा मारायचे, आता सगळे गप्प बसतात. कुणी ठरवलं नव्हतं, एकाने सुरू केलं. वास्कोच्या एका वाचकाने दामोदर सप्ताहाची आठवण काढली: चोवीस तासांत भजन एकदाही खंडित होत नाही, कारण एक पार (भजनकऱ्यांचा गट) उठायच्या आत दुसरा बसलेला असतो. त्यांनी घरात तेच केलंय. सकाळी ते बसतात, ते उठले की त्याच आसनावर बायको. ज्या दिवशी त्यांचा कंटाळा, त्या दिवशी तीच येऊन उभी राहते, ‘आसन रिकामं करा, नाहीतर बसा.’

केप्याच्या एका आजोबांचं पत्र सगळ्यात आखूड: ‘घरकान्न (बायको) विचारते, आज बसलो ना? तिच्या भियेन बसतां.’ कल्याणमित्र याहून वेगळा असतो असं मला वाटत नाही.

एक उत्तर मात्र पटलं नाही. म्हापशाचे एक गृहस्थ बैठक चुकली की दुसऱ्या दिवशीचा चहा स्वतःला तोडतात. साहेब, चहा घ्या. शिक्षेच्या भीतीने बसलेला माणूस तासभर स्वतःवर पहारा करतो. तुमच्याच पत्रात लिहिलंय की हल्ली ध्यानानंतर चिडचिड होते. बाहेर कुठे कारण शोधू नका.

शेवटचा प्रश्न : मी ख्रिश्चन. घरी संध्याकाळी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) असतो. तुमच्या रविवारच्या बैठकीला आले तर चालेल का?
— म्हार्दोळ

उत्तर : जरूर या. आमच्याकडे श्वासावर लक्ष ठेवायचं असतं, मंत्र नाही, मूर्ती नाही. मनात किंतु असेल तर आधी तुमच्या पाद्रींशी बोलून घ्या, तेर्स सोडू नका. सकाळी चर्चमध्ये तुमची मिस (प्रार्थनासभा) असते म्हणून बैठक दुपारी चारला ठेवली आहे. आधीपासून दोन ख्रिश्चन शेजारणी येतात, त्यांतली एक आमच्यात सगळ्यात नेमाने बसणारी. छत्री व्हरांड्यात ठेवा, आणि उशीर झाला तर बेल न वाजवता दार ढकलून आत या. चहा पाचला.