आजोबांना मी आवडायचो

प्रिय सानू,

परवा जुना अल्बम बघताना तू माझ्या बारशाच्या फोटोपाशी थांबलीस. मी नानांच्या, म्हणजे माझ्या काकांच्या मांडीवर, आणि तुझे आजोबा, म्हणजे आमचे भाऊ, मागे दाराच्या चौकटीला टेकून उभे. तुझ्या स्वीडिश मैत्रिणीला नानाच माझे वडील वाटले. ती गेल्यावर तू विचारलंस, "आजोबांना तू आवडायचा नाहीस का?" त्या वेळी मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

बोरी नदीकाठच्या आपल्या घरात तेव्हा सगळ्यांची चूल एकच होती. घरातले सगळ्यांत वडीलधारे आप्पा ओट्यावर बसलेले असले की घरातल्या कुणी आपल्या पोराला कडेवर घ्यायचं नाही, त्याचे लाड करायचे नाहीत, अशी रीत. वडीलधाऱ्यांसमोर स्वतःच्याच लेकराचं कौतुक करणं निलाजरेपणाचं समजत. मग भाऊ नानांच्या संज्याला खांद्यावर बसवून शेतात न्यायचे आणि नाना मला. संज्याला पहिली सायकल भाऊंनी आणली, माझं नाव शाळेत नानांनी घातलं. मायनेही मला सगळ्यांदेखत कधी जवळ घेतलं नाही, भरवायची ती मोठी माय, म्हणजे काकू. पोरांच्या मनात आपलं-परकं येऊ नये म्हणून हे असावं, असं मी आता म्हणतो. तेव्हा कारण कुणी सांगायचं नाही आणि आम्ही विचारायचो नाही.

एकदा बैलगाडीवरून पडून माझं कोपर फुटलं. भाऊ दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांनी पाऊल उचललं, ओट्याकडे बघितलं आणि तिथूनच हाक मारली, "नाना, पोराले पाह्य!" नाना धावत आले, हळद दाबली. पण मला हवे होते भाऊ. रीत कितीही समजून घेतली तरी ते पुढे येऊन थांबलेलं पाऊल मला अजून खुपतं. तुझ्यापासून हे लपवायचं नाही.

आणि दुसरंही सांगायला हवं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, घरात झोपणं अशक्य. सगळं घर धाब्याच्या सपाट छतावर अंथरुणं टाकायचं. आप्पा मात्र खाली ओट्यावरच झोपायचे. त्यांचं घोरणं ऐकू आलं की भाऊ मला अलगद ओढून छातीवर घ्यायचे. त्यांच्या बनियनला कापसाचा आणि बिडीचा वास यायचा. वर बोट करून ते म्हातारीची बाज दाखवायचे आणि ती चोरायला निघालेले तीन चोर. शाळेत त्यालाच सप्तर्षी म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. त्यांचा हात माझ्या पाठीवरून फिरत राहायचा, मी झोपेपर्यंत. दिवसभर जे जमलं नाही ते सगळं त्या हातात असायचं. असल्या गोष्टीचा फोटो कोण काढणार?

इथे स्वीडनमध्ये बापाला बाळासाठी रजा मिळते ती १९७४ पासून. आता दोघांना मिळून ४८० दिवस, त्यातले ९० प्रत्येकाचे राखीव. तुझ्या वेळी मी ती घेतली, तुला घेऊन भर बाजारात हिंडलो आणि मला त्याचा अभिमान आहे. पण सुरुवातीला इथलेही बाप रजा घ्यायला कचरायचे. एका धिप्पाड वेटलिफ्टरच्या हातात तान्हं बाळ देऊन सरकारला पोस्टर काढावं लागलं. तुझ्या मैत्रिणीच्या आजोबांच्या तरुणपणातली ही गोष्ट आहे. तिला सांग, पण भांडू नकोस.

आणि तू तान्ही होतीस तेव्हा इथल्या पद्धतीने आम्ही तुला बाळगाडीत गुंडाळून बाल्कनीत झोपवायचो. बाहेर बर्फ. आजी पहिल्यांदा आली आणि दारातूनच ओरडली, "पोरले घरमा लई ये!" म्हणजे पोरीला घरात घेऊन ये. तिला वाटलं, आम्हाला लेकराची कदर नाही. मी तिला किती समजावलं, तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तुझ्या मैत्रिणीलाही आपला फोटो बघून तसंच काहीसं वाटलं असेल. तिचा मला राग नाही.

तुझ्या मुलांना तू कसं वाढवायचंस ते तू ठरव. आप्पांची रीत पुढे चालावी असं मलाही वाटत नाही, मी तर ती मोडलीच. फक्त भाऊंना कोरडं समजू नकोस. खरं म्हणजे हा प्रश्न तू त्यांनाच विचार, रविवारी फोनवर. ते लाजतील, "त्या वेळी तसं होतं" म्हणून टाळतील, आणि मग आजी फोन ओढून घेईल. तिला बोलू दे. या बाबतीत तिचं भाऊंशी भांडण अजून मिटलेलं नाही आणि तिची बाजू मी इथे फारशी सांगितलेली नाही.

तुझा,
बाबा