गुहागरच्या ताईंना, मुलाच्या खेळाविषयी

ताई, नमस्कार.

यजमानांना श्टुटगार्टला नोकरी लागली आहे, तेरा वर्षांचा मुलगा बरोबर येणार आहे आणि तो मोबाइलवर बीजीएमआय, म्हणजे पब्जी या गोळीबाराच्या खेळाचे भारतापुरते रूप, खेळतो, असे तुम्ही लिहिले आहे. त्याचे खाते तिकडे चालेल का, हिंसक खेळांविरुद्ध जर्मनीत फार कडक कायदे आहेत हे खरे का, आणि असा खेळ घरात सापडला तर आई-वडिलांवर कारवाई होते का, हे तुमचे तीन प्रश्न. शेवटी तुम्ही सहज म्हणून लिहिले आहे की, कायदे कडक असतील तर बरेच, आपले काम सोपे होईल. मी सहा वर्षे श्टुटगार्टजवळ राहतो आणि सध्या तीन आठवड्यांच्या रजेवर देवगडला घरी आलो आहे. उत्तर चार ओळींत संपले असते. तुमच्या त्या शेवटच्या वाक्याने ते लांबवले.

व्हिसा, विमा, पत्त्याची नोंदणी यांविषयी मी काही लिहीत नाही, कारण ते दूतावासाच्या संकेतस्थळावर नीट दिलेले आहे. कागदपत्रांविषयी एकच गोष्ट सांगतो, ती अजून मनातून गेलेली नाही. मुलाच्या जन्मदाखल्यावर अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मारतात तो, शिक्का हवा असे कोणीतरी सांगितले म्हणून मी रात्रीच्या गाडीने मुंबईला दोन खेपा केल्या, पैसे भरले, शिक्का मिळवला. आणि तिकडच्या खिडकीवर कळले की भारत आणि जर्मनी यांच्यामध्ये अपोस्टिल लागूच नाही, त्यामुळे त्या शिक्क्याला काही अर्थ नव्हता. त्यानंतर खिडकीवरच्या बाईंनी माझी जन्मतारीख पाहिली. ती १ जून आहे. माझ्या पिढीतील निम्म्या कोकणाची तीच आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लावलेली आहे. मुलांच्या वयाच्या रेषा जेथे दुकानाच्या फळीपर्यंत आखलेल्या असतात, त्या देशात मी गुरुजींनी दिलेले वय घेऊन राहतो आहे, याचे मला अजूनही हसू येते.

त्या रेषा अशा आहेत. तिकडे खेळाच्या प्रत्येक डबीवर एक रंगीत चौकोन असतो: पांढरा म्हणजे सर्वांसाठी, पिवळा ६ वर्षांपुढे, हिरवा १२, निळा १६ आणि तांबडा १८. हा चौकोन यूएसके नावाची संस्था ठरवते; लोक तिला 'ऊ-एस-का' म्हणतात. ती १९९४ मध्ये सुरू झाली, पण प्रथम तिचे चौकोन म्हणजे नुसता सल्ला होता. २६ एप्रिल २००२ रोजी एरफुर्ट शहरात एका माजी विद्यार्थ्याने आपल्या शाळेत सोळा जणांना गोळ्या घातल्या, आणि त्यानंतरच्या वादळात तरुणांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, त्याने १ एप्रिल २००३ पासून हे चौकोन बंधनकारक केले. सिगारेट, बिअर आणि सिनेमागृह यांच्या वयोमर्यादाही याच कायद्यात आहेत. लहान मुलाला मोठ्यांचा खेळ विकणाऱ्या दुकानदाराला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो, त्यामुळे गल्ल्यावरची मुलगी ओळखपत्र मागते आणि ते नीट वाचते.

याच्याही वर एक यादी आहे. तरुणांना घातक ठरवलेल्या गोष्टींची ही यादी बॉनमधील एक सरकारी कार्यालय १९५४ पासून राखत आले आहे. तिच्यात आलेला खेळ मुलांच्या नजरेला पडेल असा मांडता येत नाही आणि त्याची जाहिरात करता येत नाही. 'डूम' हा खेळ १९९४ मध्ये या यादीत गेला आणि २०११ मध्ये बाहेर आला. यादी टाळण्यासाठी कंपन्या जर्मनीपुरता खेळ बदलत असत. 'हाफ-लाइफ'च्या जर्मन आवृत्तीत सैनिकांच्या जागी यंत्रमानव घातले होते. २०१७ च्या 'वुल्फेनस्टाइन'मध्ये तर नाझी चिन्हे काढलीच, वर हिटलरची मिशीही उडवली. पुढे २०१८ च्या ऑगस्टपासून अशी चिन्हे प्रसंग पाहून चालतील असे ठरले. (तुमच्या मुलाच्या वहीवर किंवा दप्तरावर पूजेचे स्वस्तिक काढलेले असेल तर ते घरीच ठेवून जा. समजावून सांगता येते, पण पहिल्याच आठवड्यात ती वेळ कशाला.)

२०२१ च्या दुरुस्तीनंतर कायदा रक्ताच्या पलीकडेही पाहू लागला. ईए कंपनीच्या २०२३ मधील फुटबॉलच्या खेळाला हिरवा चौकोन मिळाला, कारण त्यात मुलांना पैसे खर्च करायला लावणारी आमिषे आहेत. मला विचाराल तर ही त्या कायद्यातील सर्वांत शहाणी गोष्ट आहे. नोव्हेंबर २०२४ पासून स्टीम या संगणकावरील खेळांच्या ऑनलाइन दुकानातही ज्या खेळाला वयाचा शिक्का नाही तो जर्मनीतून दिसत नाही.

आता तुमचे प्रश्न. खाते चालणार नाही. बीजीएमआय हा फक्त भारतासाठी काढलेला खेळ आहे, तिकडे पब्जी मोबाइल आहे आणि दोन्हीकडचे खेळाडू एकमेकांशी खेळू शकत नाहीत. कारवाईची भीती बाळगू नका. हा कायदा दुकानदाराला धरतो, घरात तुमचा मुलगा काय खेळतो हे तुम्ही ठरवायचे असते. मात्र दुसऱ्याच्या मुलाविषयी तुम्ही ठरवायचे नसते. आणि काम सोपे होत नाही. ते माझ्यावरून सांगतो.

आम्ही ऑगस्ट २०१९ मध्ये गेलो तेव्हा मुलगा अकरा वर्षांचा होता. भाषा येत नाही म्हणून शाळेने त्याला नव्याने आलेल्या मुलांच्या तयारीच्या वर्गात घातले. हे समजण्यासारखे आहे. पण देवगडला गणितात पहिला येणारा मुलगा तेथे दोन वर्षे चौथीची गणिते सोडवत होता, आणि मी तीन वेळा भेटीची वेळ मागून बोललो तेव्हा दर वेळी मला, प्रथम भाषा, हेच उत्तर मिळाले. पुढे त्याला गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, मिळाले नाही, तिच्या खालच्या पायरीची रेआलशूले मिळाली. तो म्हणतो की त्याला त्याचे काही वाटत नाही. मला वाटते. तुम्ही जाल तेव्हा गणिताची परीक्षा भाषेशिवाय घ्या असा लेखी अर्ज पहिल्या आठवड्यातच द्या. मी तोंडी बोलत राहिलो.

त्या वर्षी त्याची बोलायची एकच जागा होती. संध्याकाळी साडेचार वाजता, म्हणजे इकडे रात्री, तो माझ्या भावाच्या मुलाबरोबर आणि वाडीतल्या आणखी दोघांबरोबर पब्जी खेळत असे. दिवसभर मान खाली घालून असलेला मुलगा कानात तार घालून ओरडत असे, "मागसून येतत रे, घरात शिर!" श्टुटगार्टच्या तिसऱ्या मजल्यावर इतकी मालवणी आम्ही नवरा-बायकोही बोलत नव्हतो. त्या खेळाला तिकडे निळा चौकोन होता, सोळा वर्षांचा. मला ते माहीत होते.

फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच्या बाराव्या वाढदिवसाला वर्गातील तीन मुले रात्री राहायला आली आणि त्याने त्यांना तो खेळ शिकवला. चार दिवसांनी वर्गशिक्षिकेचे पत्र आले. भेटीला त्यांतल्या एका मुलाची आईही होती. मी कायद्याची तयारी करून गेलो होतो, पण ती कायद्याविषयी बोललीच नाही. ती विनेंडेनची आहे एवढेच तिने सांगितले. हे गाव आमच्याकडून लोकल गाडीच्या टप्प्यात आहे. ११ मार्च २००९ रोजी तेथील अल्बर्टविले रेआलशूलेत सतरा वर्षांच्या माजी विद्यार्थ्याने गोळीबार केला; त्या दिवशी पंधरा जण मेले आणि शेवटी तो स्वतः. बंदूक त्याच्या वडिलांची, घरातच होती. त्या आईपुढे मला एक शब्द सुचला नाही.

घरी येऊन मी खेळ काढून टाकला, आणि मुलाला सांगितले की येथे तसा कायदाच आहे, बाबांचा काही इलाज नाही. ताई, हे खोटे होते. घरात कायदा नव्हता, मी होतो. मला शाळेपुढे पुन्हा मान खाली घालायची नव्हती आणि कायद्याचे नाव घेतल्याने मुलाशी वाद घालावा लागला नाही. महिन्याभरात कोरोना आला, इकडची सारी पोरे घरात बसून दिवसभर खेळू लागली आणि आमचा एकटाच खिडकीशी बसून राहिला. गणपतीत, २२ ऑगस्टला, भावाने आरतीसाठी व्हिडिओ कॉल लावला तर मुलगा खोलीतून बाहेर आला नाही. त्या रात्री आम्ही दोघांनी ठरवले की शाळा उघडेल त्या दिवशी त्याला खेळ परत द्यायचा. शाळा १४ सप्टेंबरला उघडणार होती.

२ सप्टेंबरला भारत सरकारने ११८ अ‍ॅपांवर बंदी घातली, त्यात पब्जी मोबाइल होते. हिंसेचा किंवा मुलांच्या वयाचा त्यात काही संबंध नव्हता. कारण सीमेवरील तणावाचे आणि माहितीच्या सुरक्षेचे होते. गंमत अशी की आदल्याच वर्षी राजकोटच्या पोलिसांनी याच खेळावर मनाई हुकूम काढून पोरांना अटक केली होती, तेव्हा आमच्या वाडीत त्याची चेष्टा झाली होती. या वेळी भावाने घाबरून त्याच संध्याकाळी पोराच्या फोनमधून खेळ काढला. दोन दिवसांनी तो फोनवरच्या अ‍ॅपच्या दुकानातूनच गेला, मग परत उतरवता येईना. १४ तारखेला मी मुलाला फोन दिला. त्याने खेळातील मित्रांची यादी उघडली, सगळी नावे करडी होती, म्हणजे कोणीच खेळात नव्हते, आणि काही न बोलता फोन परत माझ्या हातात ठेवला.

जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आले, भारतापुरते. जुलै २०२२ मध्ये तेही गेले आणि मे २०२३ मध्ये परत आले, अठराच्या आतील मुलांना दिवसाला तीन तास एवढी मर्यादा घालून. तोपर्यंत आमच्या मुलाचे मराठी 'हो' आणि 'नको' यांवर आले होते.

एकटेपणाविषयी तुम्ही विचारलेले नाही आणि मीही लिहीत नाही. थंडीचे कपडे घ्या, लोकांची सवय होते.

मुलाचे खाते बंद होण्यापूर्वी तो ज्यांच्याबरोबर खेळतो त्या पोरांची खरी नावे आणि फोन नंबर वहीत लिहून घ्या. त्यांची खेळातील नावे तुम्हाला उपयोगाची नाहीत. मग त्यांनाच विचारून दोन्ही देशांत चालणारा एखादा खेळ येथे असतानाच सुरू करून द्या. माइनक्राफ्ट चालते, त्याला तिकडे पिवळा चौकोन आहे. तेराव्या वर्षी त्याला ते पोरकट वाटेल, तरी द्या. आणि नाही म्हणायचे असेल तेव्हा स्वतःच्या नावाने म्हणा.

मुलगा या वेळी आलेला नाही. तो आता सतरा वर्षांचा आहे, निळा चौकोन त्याला कायद्यानेही मोकळा आहे. पडवीच्या दुसऱ्या टोकाला, पागोळ्यांचे पाणी उडत नाही अशा कोपऱ्यात, पुतण्या फोन चार्जिंगला लावून बीजीएमआय खेळत बसला आहे. मघाशी त्याने मान वर न करता विचारले, "काका, तो आता खंयचो गेम खेळता?" मी म्हणालो, विचारून सांगतो.