आकडा जुळला, मग सूर का टोचतो?

टेक्नो, म्हणजे एकसारख्या ठेक्याचं इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत, डीजे म्हणून वाजवणाऱ्या सांगली-मिरजेकडच्या वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

दोन्ही ट्रॅकवर सॉफ्टवेअर 8ए हा पट्टीचा आकडा दाखवतं, तरी एकावर दुसरा चढवला की कानाला टोचतं. एक 133 बीपीएमचा (मिनिटाला 133 ठोके) आहे, दुसरा 126 चा होता, तो मी 133 वर नेला. (विश्रामबाग)

गडबड त्या सात बीपीएममध्येच आहे. ट्रॅक जलद केला की सूरही चढतो. वेग साधारण सहा टक्के वाढला की सूर एक अर्धस्वर वर जातो. तुम्ही साडेपाच टक्क्यांहून जास्त वाढवलात, म्हणजे पांढरी सहाचा मायनर (8ए) ट्रॅक जवळजवळ काळी पाचवर पोचला. कॅमेलॉट चक्रावर, म्हणजे पट्ट्यांना 1 ते 12 आकडे आणि ए (मायनर) किंवा बी (मेजर) देणाऱ्या तक्त्यावर, तो आता 8ए नाही, 3ए आहे.

की-लॉक, म्हणजे मास्टर टेम्पो, चालू केलात तर सूर जागेवर राहील. पण फार ताणलं की किकचा, म्हणजे खालच्या ड्रमच्या ठोक्याचा, ठोसा मऊ पडतो, आणि टेक्नोमधून किक गेली तर राहिलं काय? म्हणून दोन-तीन बीपीएमच्या फरकाचेच ट्रॅक शेजारी ठेवा आणि तेवढ्यापुरता की-लॉक लावा. लॉक न लावता तीन टक्के हलवणं सर्वांत वाईट: सूर दोन पट्ट्यांच्या मधोमध लटकतो आणि कशाशीच जुळत नाही.

घरात शास्त्रीय गाणं आहे. कॅमेलॉट चक्र वेगळं पाठ करावं लागेल का? (मिरज)

तुमच्या कानात ते आधीपासूनच आहे. 8ए वरून 9ए वर जाणं म्हणजे षड्जावरून पंचमावर जाणं, 7ए म्हणजे मध्यम. पांढरी सहा सा धरला तर पांढरी तीन हा त्याचा पंचम, आणि या दोन मायनर सप्तकांत सातापैकी सहा स्वर तेच असतात. म्हणून जोड गोड लागतो. 8बी मध्ये तर सातही स्वर तेच, फक्त सा कोमल गंधारावर सरकतो. तिथे मूड उजळतो, आणि अंधाऱ्या, एकसुरी सेटमध्ये तो उजेड मला बऱ्याचदा नकोसा वाटतो.

एक सवय मात्र नक्की लावा. नुसते ड्रम आणि खरखर असलेल्या ट्रॅकलाही सॉफ्टवेअर काहीतरी लेबल चिकटवतंच. त्यावर विसंबू नका. ट्रॅक लावा, मोबाईलवर तानपुरा लावा, पट्टी बदलत जा आणि कुठे सा बसतो ते ऐका. सतारमेकर गल्ली असलेल्या गावात हे सांगायला लागू नये! कुठेच बसला नाही, तर त्या ट्रॅकला सूरच नाही. तो कशावरही चढवा.

सूर जुळतो, पण दोन्ही ट्रॅक एकत्र असताना खालचा आवाज घुमून फुगतो. (माधवनगर)

दोन किक खर्जात भांडतायत. पांढरी सहाचा खर्ज 55 हर्ट्झचा आणि त्याच्या लगत खाली काळी चारचा सुमारे 52 चा. दोन्ही सोबत वाजले की फरक तीन हर्ट्झचा, म्हणून आवाज सेकंदाला तीनदा फुगतो आणि ओसरतो. नव्या ट्रॅकचा लो (खालच्या आवाजाचा नॉब) आधी पूर्ण बंद ठेवा आणि फ्रेझच्या, म्हणजे ठोक्यांच्या नव्या गटाच्या, पहिल्या ठोक्यावर अदलाबदल करा. एका वेळी एकच बास.

दोन्हीकडे 132 दिसतं, तरी मिनिटाभरात किक दुहेरी ऐकू येते. सिंक (ठोके आपोआप जुळवणारं बटण) दाबलं तर लबाडी का? (तासगाव)

लबाडी मुळीच नाही. पण दशांश उघडून बघा. 132.0 आणि 132.1 यांतला फरक मिनिटाला ठोक्याच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे सुमारे 45 मिलिसेकंद. कानाला तो कळतो. बीटग्रिड, म्हणजे सॉफ्टवेअरने आखलेली ठोक्यांची जाळी, चुकीचा बसला असेल तर सिंकही चुकतं, तेव्हा जॉगने (हाताने फिरवायच्या चकतीने) ढकलायला शिका.

जत्रेत रेकॉर्ड केलेली हलगी टेक्नोवर घ्यायची आहे. टिकतच नाही. (विटा)

वाजवणारा रंगात येतो तसा वेग वाढतो, त्यामुळे एकच बीपीएम सगळ्या रेकॉर्डिंगला लागू पडत नाही. सगळी हलगी ठोक्याठोक्याने ग्रिडला खिळू नका, तिचा डौल मरतो. चांगल्या आठ ठोक्यांचा तुकडा निवडा, फक्त पहिला ठोका किकवर बसवा, बाकीचे जिथे पडतात तिथे पडू द्या. पुढचा तुकडा वेगळा मोजा. आणि हलगीचा खालचा आवाज कापा. तिची कडकड वरच्या पट्ट्यात आहे, तीच हवी आहे.