नव्याण्णव टक्क्यांची किंमत : नेटवर्क आणि सायबर सुरक्षेतील संशोधनाविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : नेटवर्कमधील घुसखोरी ओळखणारे माझे मशीन लर्निंगचे मॉडेल ‘केडीडी कप ९९’ या डेटासेटवर (नेटवर्क-जोडण्यांच्या तयार नोंदींच्या संचावर) ९९ टक्क्यांहून अधिक अचूकता देते. तरीही शोधनिबंध दोनदा नाकारला गेला आणि समीक्षकांनी ‘डेटासेट अयोग्य’ एवढेच लिहिले. चूक नेमकी कुठे आहे?

उत्तर : समीक्षकांनी कारण लिहायला हवे होते, कारण ते शिकण्यासारखे आहे. या डेटासेटचे मूळ एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेने १९९८ मध्ये अमेरिकेच्या ‘डार्पा’ या संरक्षण-संशोधन संस्थेसाठी तयार केलेल्या नोंदींत आहे. त्या नोंदी चालत्या नेटवर्कवर टिपलेल्या नव्हत्या. हवाई दलाच्या तळावर असावी तशी वाहतूक प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या निर्माण करून तीत हल्ले मिसळले होते. जॉन मॅकह्यू यांनी २००० मध्येच या पद्धतीवर सविस्तर टीका केली. पुढे २००३ मध्ये मॅथ्यू महोनी आणि फिलिप चॅन यांनी त्याच मालिकेतील १९९९ च्या नोंदी तपासल्या, तेव्हा पॅकेटच्या (माहितीच्या लहान तुकड्याच्या) हेडरमधील ‘टीटीएल’ या, वाटेतल्या दर राउटरमागे एकाने घटणाऱ्या आकड्याच्या १२६ आणि २५३ या किमती केवळ हल्ल्याच्या पॅकेटांत सापडल्या. नेहमीच्या वाहतुकीत बहुतेक ठिकाणी १२७ आणि २५४ होत्या. अशा नोंदींवर शिकलेले मॉडेल हल्ला ओळखत नाही, प्रयोगशाळेत कोणते यंत्र कुठे जोडले होते ते ओळखते.

याखेरीज केडीडीच्या प्रशिक्षणाच्या भागातील सुमारे ७८ टक्के आणि चाचणीच्या भागातील सुमारे ७५ टक्के नोंदी पुनरावृत्त असल्याचे २००९ मध्ये दाखवण्यात आले. सतत येणाऱ्या नोंदी बरोबर ओळखल्या की गुण आपोआप वाढतात आणि विरळा येणारे, खरे धोकादायक हल्ले हुकले तरी सरासरीत ते दिसत नाही. पुनरावृत्ती काढून ‘एनएसएल-केडीडी’ तयार झाला खरा, पण त्यातील हल्ले त्याच जुन्या काळातले आहेत.

दुसरा मुद्दा मला याहून महत्त्वाचा वाटतो. समजा, एका नेटवर्कवर दिवसाला १० लाख जोडण्या होतात आणि त्यांपैकी १०० हल्ल्याच्या आहेत. तुमची प्रणाली हल्ल्यांपैकी ९९ टक्के पकडते आणि निर्दोष जोडण्यांपैकी केवळ १ टक्का चुकून दोषी ठरवते, असे धरू. तर दिवसाला ९९ खरे आणि ९,९९९ खोटे इशारे मिळतील. शंभर इशाऱ्यांमागे एकही पूर्ण खरा नाही. इशारे तपासायला बसलेली व्यक्ती आठवड्याभरात त्यांकडे पाहणे सोडून देईल. स्टेफान ॲक्सेलसन यांनी १९९९ मध्ये हाच युक्तिवाद मांडला होता, तरीही आजसुद्धा खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण निबंधाच्या एखाद्या कोपऱ्यात दडवलेले आढळते, याचे मला खरोखर वाईट वाटते. तुमच्या निबंधात ते पहिल्या तक्त्यात यावे. प्रशिक्षण आधीच्या काळातील नोंदींवर आणि चाचणी नंतरच्या काळातील नोंदींवर घ्या. सगळ्या नोंदी एकत्र मिसळून यादृच्छिकपणे वाटल्या, तर मॉडेलला भविष्यकाळ आधीच दिसलेला असतो. आणि डेटासेट नवा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ‘सीआयसी-आयडीएस २०१७’ हा बराच वापरला जाणारा संच आहे, पण त्याच्या नोंदी तयार करण्याच्या आणि त्यांना नावे देण्याच्या पद्धतीत चुका असल्याचे २०२१ मध्ये दाखवले गेले. कच्ची पॅकेटे उपलब्ध असतील तर काही शे नोंदी स्वतःच्या डोळ्यांनी तपासा. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय मला ठाऊक नाही.

प्रश्न : एखादा प्रोटोकॉल (संगणकांनी परस्परांशी कसे बोलायचे याचे नियम) सुरक्षित असल्याची गणिती सिद्धता उपलब्ध असते आणि तरीही काही वर्षांनी त्यावर हल्ला सापडतो. मग अशा सिद्धतेला अर्थ काय?

उत्तर : सिद्धता ही नेहमी एका प्रतिरूपाविषयी असते आणि त्या प्रतिरूपात काय घेतले, काय वगळले, यावर तिचा आवाका ठरतो. नीडहॅम आणि श्रोडर यांचा सार्वजनिक किल्लीवर आधारलेला प्रोटोकॉल १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. गेव्हिन लो यांनी त्यावरील हल्ला १९९५ मध्ये दाखवला, म्हणजे मधे सतरा वर्षे गेली. पहिल्या व्यक्तीने विश्वासाने एका तिसऱ्याच सहभागीशी संवाद सुरू केला, तर तो सहभागी तेच संदेश पुढे वापरून दुसऱ्या व्यक्तीसमोर ‘मीच पहिली व्यक्ती’ असे भासवू शकत होता. नेटवर्कचा अधिकृत सहभागीच लबाडी करील, हे मूळ विचारात धरलेले नव्हते. दुरुस्ती मात्र लहानशी निघाली : दुसऱ्या संदेशात पाठवणाऱ्याची ओळख घातली की हल्ला थांबतो.

त्याहून बोधक उदाहरण वाय-फायच्या ‘डब्ल्यूपीए २’ या सुरक्षा-प्रोटोकॉलचे आहे. त्यातील चार संदेशांच्या हस्तांदोलनाची (जोडणीच्या आरंभी ओळख पटवून किल्ली ठरवण्याच्या देवाणघेवाणीची) सिद्धता झालेली होती. किल्ली गुप्त राहते आणि दोन्ही बाजूंची परस्परांविषयी खात्री पटते, हे त्या सिद्धतेत दाखवलेले होते. २०१७ मध्ये ल्यूव्हेन विद्यापीठाच्या मॅथी व्हॅनहूफ यांनी ‘क्रॅक’ हा हल्ला जाहीर केला, तेव्हा सिद्धतेतील एकही विधान खोटे ठरले नाही. तिसरा संदेश पुन्हा पाठवला गेला की उपकरण तीच किल्ली पुन्हा स्थापित करत असे आणि प्रत्येक पॅकेटला वेगळा मिळायला हवा असलेला क्रमांक पुन्हा आरंभापासून मोजला जाई. एकाच किल्लीसोबत तोच क्रमांक पुन्हा वापरला गेला की कूटलेखनाचे संरक्षण ढासळते. किल्ली केव्हा आणि किती वेळा स्थापित करायची, हा भाग सिद्धतेच्या प्रतिरूपात आलेलाच नव्हता.

यावरून सिद्धता निरुपयोगी ठरत नाही. संकेतस्थळांशी होणारा संवाद सुरक्षित ठेवणारा ‘टीएलएस १.३’ हा प्रोटोकॉल ऑगस्ट २०१८ मध्ये ‘आरएफसी ८४४६’ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात प्रसिद्ध झाला, त्याआधी त्याचे मसुदे ‘टॅमरिन’ आणि ‘प्रोव्हेरिफ’ यांसारख्या, प्रोटोकॉलची गणिती तपासणी करणाऱ्या साधनांनी तपासले जात होते आणि ग्राहकाची ओळख नंतर पटवण्याच्या एका प्रस्तावित सोयीवरील हल्ला मसुद्याच्या अवस्थेतच सापडला. लाखो सर्व्हरांवर बसवलेला प्रोटोकॉल बदलण्यापेक्षा कागदावरचा मसुदा बदलणे किती सोपे, हे वेगळे सांगायला नको. तेव्हा सिद्धता वाचताना प्रमेयाच्या आधी गृहीतकांची यादी वाचा. अनेकदा पुढच्या शोधनिबंधाचा विषय त्या यादीतच मिळतो.

प्रश्न : प्रबंधासाठी संपूर्ण इंटरनेट स्कॅन करून असुरक्षित उपकरणे मोजण्याचा विचार आहे. हे योग्य आहे का?

उत्तर : तांत्रिकदृष्ट्या ते आता अवघड नाही. इंटरनेटवरील उपकरणांना पत्ते देणाऱ्या ‘आयपीव्ही ४’ या पद्धतीचे एकूण पत्ते सुमारे ४३० कोटी आहेत आणि मिशिगन विद्यापीठात तयार झालेले ‘झेडमॅप’ हे साधन एका पोर्टसाठी (उपकरणावरील एखाद्या सेवेच्या दारासाठी) ते सगळे ४५ मिनिटांच्या आत पालथे घालू शकते, हे २०१३ मध्ये दाखवले गेले. ‘आयपीव्ही ६’ या नव्या पद्धतीत पत्ता १२८ बिटांचा, म्हणून पत्त्यांची संख्या अफाट असल्यामुळे हा मार्ग बंद आहे.

नैतिक सीमा मात्र स्पष्ट आहे. २०१२ मध्ये एका अनामिक व्यक्तीने रिकामा किंवा कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड असलेल्या सुमारे ४ लाख २० हजार उपकरणांत शिरून त्यांच्याकरवी इंटरनेटची मोजणी केली आणि तो डेटा पुढे खुला केला. डेटा उत्तम असेलही, पण इतरांची यंत्रे परवानगीवाचून वापरून तो मिळवला होता. असा डेटा आपल्या निबंधात वापरावा का, हा प्रश्न त्यामुळे कायमचा मागे राहिला. दार ठोठावणे आणि दार उघडून आत शिरणे यांत फरक आहे. पोर्ट उघडे आहे का हे पाहिल्यावर पासवर्ड टाकून पाहण्याचा मोह टाळायलाच हवा.

स्कॅन करायचे ठरले, तर आधी संस्थेच्या नैतिकता समितीची आणि नेटवर्क व्यवस्थापकांची लेखी संमती घ्या. पत्ते यादृच्छिक क्रमाने घ्या, म्हणजे एकाच नेटवर्कवर एकदम भार पडत नाही. ज्या पत्त्यावरून स्कॅन होते तिथे प्रयोगाचा हेतू आणि संपर्काचा मार्ग देणारे पान ठेवा आणि कोणी वगळण्याची विनंती केली तर वाद न घालता वगळा. संशोधनातील नैतिकतेविषयीचा २०१२ चा ‘मेन्लो अहवाल’ या क्षेत्रासाठीच लिहिलेला आहे, तो मुळातून वाचा. आणि त्याआधी एक गोष्ट तपासा : तुम्हाला हवी असलेली मोजणी कोणी आधीच केलेली असेल, तर तोच डेटा मागून घ्या. तसे असताना नव्याने स्कॅन करण्याचे समर्थन होत नाही.

प्रश्न : सिम्युलेटरवरील निष्कर्ष पुरेसे असतात, की प्रत्यक्ष नेटवर्कवर प्रयोग करावाच लागतो?

उत्तर : प्रश्न कोणता आहे त्यावर हे ठरते. एखाद्या अल्गोरिदमचे वर्तन समजून घ्यायचे असेल, तर ‘एनएस-३’ हा सिम्युलेटर पुरतो. खरी प्रणाली आणि खरे सॉफ्टवेअर चालवून पाहायचे असेल, तर एकाच संगणकावर आभासी नेटवर्क उभारणारे ‘मिनीनेट’ हा मधला मार्ग आहे. धोका असतो तो सिम्युलेटरमध्ये भरलेल्या वाहतुकीचा. पॅकेटांचे आगमन पॉयसाँ प्रक्रियेप्रमाणे, म्हणजे परस्परांशी संबंध नसलेल्या यादृच्छिक क्षणी, होते, असे दीर्घकाळ गृहीत धरले जाई. बेलकोअर या अमेरिकी दूरसंचार संशोधन संस्थेत टिपलेल्या इथरनेटच्या नोंदींवरून लेलंड आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवले की खरी वाहतूक सेकंदाच्या मापाने पाहा किंवा तासाच्या, ती सारखीच उसळती दिसते. पॉयसाँवर बेतलेले बफर (पॅकेटे थांबवून ठेवण्याची जागा) अशा उसळीत अपुरे पडतात. म्हणून निदान एक निष्कर्ष तरी खऱ्या नोंदींवर तपासून पाहा.

प्रश्न : शोधनिबंध नियतकालिकात पाठवावा की परिषदेत?

उत्तर : या क्षेत्रात आघाडीचे काम प्रामुख्याने परिषदांतून येते : नेटवर्कसाठी ‘सिगकॉम’, ‘एनएसडीआय’ आणि मोजणीसाठी ‘आयएमसी’, सुरक्षेसाठी ‘युसेनिक्स सिक्युरिटी’, ‘सीसीएस’, ‘एनडीएसएस’ आणि आयट्रिपलईची सुरक्षा-गोपनीयता परिषद. तुमच्या विद्यापीठाच्या नियमात नियतकालिकाची अट असेल, तर परिषदेतील निबंधाचा विस्तार करून तो तिथे देता येतो.

प्रश्न : संशोधनात एका प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये मला गंभीर दोष सापडला आहे. मार्गदर्शकांचे मत आहे की आधी शोधनिबंध पाठवावा. मी काय करावे?

उत्तर : आधी सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांना कळवा. दुरुस्तीसाठी ९० दिवसांची मुदत देण्याची पद्धत आता बरीच रूढ झाली आहे आणि परिषदेकडे निबंध पाठवून निर्णय मिळेपर्यंत साधारण तेवढा वेळ जातोच, त्यामुळे तुमचे श्रेय जाण्याची भीती नाही. संपर्क होत नसेल, तर देशाच्या किंवा क्षेत्राच्या ‘सर्ट’कडे जा, १९८८ च्या मॉरिस वर्म या स्वतःहून पसरणाऱ्या घातक प्रोग्रामनंतर पहिले असे समन्वय केंद्र स्थापन झाले ते अशाच कामासाठी. मार्गदर्शकांशी बोलताना २०२१ चा प्रसंग सांगता येईल. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी लिनक्स कर्नलच्या (लिनक्स प्रणालीच्या गाभ्याच्या) देखभालकर्त्यांकडे, त्यांना न सांगता, मुद्दाम सदोष बदल पाठवले होते. परिषदेने स्वीकारलेला तो निबंध शेवटी लेखकांना मागे घ्यावा लागला आणि त्या विद्यापीठाकडून येणारे बदल काही काळ नाकारले गेले. तुमचा प्रसंग त्याहून वेगळा आहे, कारण तुम्ही दोष घातलेला नाही, शोधला आहे. पण देखभाल करणाऱ्यांना अंधारात ठेवल्याने विश्वास गेला की त्याचे परिणाम संपूर्ण विभागाला भोगावे लागतात, हे त्यावरून मार्गदर्शकांच्या लक्षात येईल. कळवल्याची तारीख, मिळालेले उत्तर आणि दुरुस्ती झाल्याची तारीख यांची नोंद आजपासूनच ठेवा, कारण निबंधातील नैतिकतेच्या परिच्छेदात समीक्षक तीच मागतील.