हिला टणक कसं करायचं?

नमस्कार डॉक्टर,

खेड तालुक्यात पंचवीस वर्षांचा तुमचा दवाखाना, मुलगी इंटर्नशिपला, आणि प्रश्न एकच: पीजीला मेडिसिन की रेडिओलॉजी? नीट-पीजीचा निकाल लागू दे, मग शाखेचं बघू.

मी अडकलो ते तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर. ‘वॉर्डात पेशंट गेला की रडते. सीनियरने सगळ्यांसमोर झापलं की दोन दिवस जेवत नाही. हिला टणक कसं करायचं?’

डॉक्टरला टणक व्हावंच लागतं, हा समज तुमच्या पिढीने घट्ट धरलाय. प्रत्यक्षात काय होतं? युनिटचे सर सीनियरवर खेकसतात, सीनियर इंटर्नवर, आणि रात्रभर न झोपलेली इंटर्न दोन एसट्या बदलून आलेल्या वाडीवरच्या आजीवर. आजीला एवढंच विचारायचं असतं की गोळी जेवणाआधी की नंतर. ती न विचारताच परत जाते, गोळ्या अर्ध्यावर सोडते. मग केसपेपरवर आपण लिहितो, पेशंट ऐकत नाही!

रुग्णाशी कसं बोलावं, हे २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातच आहे. पण वर्गात शिकलेलं वॉर्डातल्या पहिल्या झापण्यात पुसलं जातं. आणि टणकपणाचंच म्हणाल तर तुमच्याच बाजूला, महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचू चावलेल्या रुग्णांच्या उशाशी बसून राहायचे. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार त्या बसण्यातून आला.

‘आम्हीही सोसलं, आमचं काय बिघडलं?’ असं तुम्ही लिहिता. त्याच पानावर खाली आहे: रोज ऐंशी पेशंट, गौरी-गणपती सोडले तर दवाखाना बंद नाही, बीपीची गोळी सुरू, रात्री झोप नाही. रागावू नका, पण उत्तर तुम्हीच देऊन ठेवलंय.

पेशंट गेल्यावर रडणं मला खटकत नाही. दोन दिवस न जेवणं मात्र खटकतं. निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांहून जास्त काम नको, अशी शिफारस राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्याच कार्यदलाने २०२४ मध्ये केली. म्हणजे कामाने थकून जाणं हे हळव्या मुलींचं खूळ नव्हे. तिची ड्यूटी किती तासांची असते, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. विचारलंयत का कधी?

या रविवारी दवाखाना बंद ठेवा आणि तिच्याकडे जा. वहिनींनाही न्या. अभ्यासाचा विषय काढू नका. तुमच्या हातून गेलेला पहिला पेशंट तुम्हाला नक्की आठवत असेल, त्याच्याबद्दल तिला सांगा. त्यानंतरही ती जेवत नसेल, झोपत नसेल, तर कॉलेजातल्या मानसोपचार विभागात सोबत जा. तिला तिथे जायचं नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फोन मोफत असतो.

मॉक टेस्टचं वेळापत्रक मागितलं होतंत. ते या पत्रासोबत पाठवत नाही.